पलटणीतील पहिले वर्ष: फीत, हुद्दा आणि अदब

भारतीय स्थलसेनेच्या प्रशिक्षण केंद्रात पाऊल ठेवणाऱ्या मुलाला पहिल्या आठवड्यात धावण्याचा किंवा रायफलच्या वजनाचा जेवढा त्रास होतो, त्याहून अधिक त्रास माणसे ओळखण्याचा होतो. बाहीवर दोन फिती असलेला नाईक, एकही फीत नसलेला पण सहा वर्षे जुना शिपाई, त्या आठवड्यापुरती बराकीची जबाबदारी मिळालेला त्याच्याच बरोबरीचा रिक्रूट आणि खांद्यावर तारा असलेले नायब सुभेदार साहेब असे सगळेच त्याला काही ना काही सांगत असतात आणि सगळ्यांचेच ऐकावे लागते. मात्र प्रत्येकाच्या शब्दामागचा अधिकार वेगळ्या प्रकारचा असतो. एकाचा अधिकार हुद्द्याचा, दुसऱ्याचा नेमणुकीचा आणि तिसऱ्याचा केवळ जुनेपणाचा असतो. हे तीन प्रकार वेगळे ओळखता आले की पहिल्या वर्षातील निम्म्या अडचणी उभ्याच राहत नाहीत, असे माझे ठाम मत आहे. पुढील मार्गदर्शन मुख्यतः पायदळ आणि शिपायापासून हवालदारापर्यंतचे हुद्दे डोळ्यांपुढे ठेवून लिहिले आहे.

पहिली पायरी: फिती आणि तारे वाचायला शिका

शिपायाच्या बाहीवर फीत नसते. लान्स नाईकाला एक, नाईकाला दोन आणि हवालदाराला तीन फिती असतात, आणि या तिघांना मिळून एनसीओ (नॉन-कमिशन्ड ऑफिसर) म्हणतात. त्यांच्या वर जेसीओ (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर) असतात, म्हणजे नायब सुभेदार, सुभेदार आणि सुभेदार मेजर. नायब सुभेदाराला १९६५ पर्यंत जमादार म्हणत असत. त्यामुळे एखाद्या जुन्या माजी सैनिकाच्या तोंडून हा शब्द ऐकलात तर तो हुद्दा आजचा नायब सुभेदार आहे असे समजावे. जेसीओंच्या वर लेफ्टनंटपासून सुरू होणारे कमिशनप्राप्त अधिकारी असतात.

नवा जवान सर्वांत जास्त चुकतो ते खांद्यावरच्या चिन्हांत. नायब सुभेदाराच्या खांद्यावर एक तारा, सुभेदाराच्या खांद्यावर दोन तारे आणि सुभेदार मेजरच्या खांद्यावर राष्ट्रचिन्ह असते. दुसरीकडे लेफ्टनंटला दोन तारे, कॅप्टनला तीन तारे आणि मेजरला राष्ट्रचिन्ह असते. म्हणजे दोन तारे सुभेदाराचेही असतात आणि लेफ्टनंटचेही, तसेच राष्ट्रचिन्ह सुभेदार मेजरचेही असते आणि मेजरचेही. फरक असतो तो जेसीओंच्या चिन्हाखाली असलेल्या रंगीत पट्टीचा. पट्टी दिसली की ते जेसीओ साहेब आहेत, पट्टी नसली की अधिकारी आहेत, एवढे लक्षात ठेवले तर लांबून येणाऱ्या माणसाला ओळखताना चूक होत नाही. पहिल्या महिन्यात रोज संध्याकाळी पाच मिनिटे ही चिन्हे कागदावर काढण्याचा सराव करावा. हे काम बालिश वाटले तरी करावे, कारण परेड मैदानावर विचार करायला तीन सेकंदही मिळत नाहीत.

आपल्या भागात सुट्टीवर आलेल्या कोणत्याही जवानाला गावकरी प्रेमाने ‘मेजर’ म्हणून हाक मारतात. त्या हाकेत कौतुक असते आणि ते स्वीकारावे, पण पलटणीत परतल्यावर मेजर हा बहुधा कंपनीचा प्रमुख असलेला अधिकारी असतो आणि सुभेदार मेजर व कंपनी हवालदार मेजर ही आणखी दोन वेगळी माणसे असतात, हे मनात पक्के असावे.

हुद्द्यांची नावे सेनेच्या प्रत्येक अंगात सारखी नसतात. चिलखती दलात शिपायाला स्वार म्हणतात, हवालदाराला दफेदार आणि सुभेदाराला रिसालदार. तोफखान्यात शिपायाच्या जागी गनर, इंजिनियर दलात सॅपर, सिग्नल्समध्ये सिग्नलमन, रायफल रेजिमेंटांत रायफलमन आणि ब्रिगेड ऑफ द गार्ड्समध्ये गार्ड्समन असतो. महाराष्ट्रातून भरती होणाऱ्या मुलांना ही नावे विशेष उपयोगाची आहेत, कारण बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री केंद्राप्रमाणेच खडकीचे बॉम्बे सॅपर्सचे केंद्र, नाशिक रोडचे तोफखाना केंद्र, अहिल्यानगरचे चिलखती दलाचे केंद्र आणि कामठीचे गार्ड्सचे केंद्र येथेही त्यांतील अनेक जण जातात. एकाच गावातून निघालेले तीन मित्र तीन वेगळ्या नावांनी ओळखले जातात, पण तिघांचा हुद्दा एकच असतो.

यांतले नाईक आणि हवालदार हे शब्द मराठी मुलाला परके वाटण्याचे कारण नाही. शिवकाळातील पायदळात नऊ-दहा पाईकांवर एक नाईक, पाच नाईकांवर एक हवालदार आणि दोन-तीन हवालदारांवर एक जुमलेदार अशी उतरंड होती. आजच्या पायदळाची सर्वांत लहान तुकडी, म्हणजे सेक्शन, हीदेखील दहा जणांची आहे. एका माणसाने दुसऱ्या माणसांवर स्वतः नजर ठेवून, त्यांना नावाने ओळखून लढाईत चालवायचे असेल तर ती संख्या दहाच्या आसपासच राहते, आणि साडेतीनशे वर्षांत त्यात फारसा बदल झालेला नाही.

दुसरी पायरी: हुद्दा आणि नेमणूक यांतील फरक समजून घ्या

हुद्दा बाहीवर दिसतो, नेमणूक दिसेलच असे नाही. कंपनी हवालदार मेजर, ज्याला सगळे सीएचएम म्हणतात, हा हुद्द्याने हवालदारच असतो. पण कंपनीची शिस्त, ड्यूट्यांची वाटणी आणि फॉलइन (जवानांना रांगेत उभे करणे) यांची जबाबदारी त्याच्याकडे असल्यामुळे कंपनीतील इतर हवालदारांनाही त्याचा शब्द मानावा लागतो. कंपनी क्वार्टर मास्टर हवालदाराकडे कपडे, सामान आणि साठ्याचा हिशोब असतो. १९६५ च्या युद्धात खेमकरण भागात रिकॉइललेस तोफेने शत्रूचे रणगाडे फोडून परमवीर चक्र मिळवणारे अब्दुल हमीद हे ४ ग्रेनेडियर्सचे कंपनी क्वार्टर मास्टर हवालदार होते. त्यांच्या नावामागे लागणारी ही लांबलचक उपाधी नवीन मुले पाठ करतात, पण त्यांतील ‘हवालदार’ हा हुद्दा आहे आणि बाकीची नेमणूक आहे हे फार थोड्यांच्या लक्षात येते.

नेमणूक काही वेळा एका रात्रीपुरती किंवा दोन तासांपुरतीही असते. चार शिपायांना सामान आणायला पाठवताना त्यांतील एकाला पार्टी कमांडर नेमले जाते. त्याच्या बाहीवर फीत नसली तरी ते काम संपेपर्यंत त्या पार्टीची जबाबदारी त्याची असते आणि इतर तिघांनी त्याचे ऐकायचे असते. आपणही शिपाईच आहोत, मग याने आपल्याला का सांगावे, हा विचार त्या क्षणी मनात आला तर एवढे आठवावे की त्याला ज्याने नेमले त्याचा हुकूम त्याच्या तोंडून येत आहे. अवज्ञा त्या शिपायाची होत नाही, त्याला नेमणाऱ्याची होते.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण पहाऱ्यावरचा संतरी आहे. तो बहुधा सर्वांत कनिष्ठ शिपाई असतो, पण ‘थम, कौन आता है’ असे त्याने विचारल्यावर थांबणे आणि आपली ओळख पटवणे हे येणाऱ्या प्रत्येकाला बंधनकारक असते, मग तो हवालदार असो वा अधिकारी. संतरीवर बळजबरी करणे हा सेना अधिनियम १९५० च्या कलम ३६ खाली गुन्हा आहे आणि संतरीने पहाऱ्यावर झोपणे हाही त्याच कलमाखाली गुन्हा आहे. कायद्याने त्याला मोठा अधिकार आणि मोठी जबाबदारी एकाच ठिकाणी दिली आहे. पहिल्यांदा पहाऱ्यावर उभे राहाल तेव्हा समोरून ओळखीचे साहेब येत आहेत म्हणून आव्हान देण्यात कसूर करू नका. नियमाप्रमाणे थांबवल्याबद्दल चांगला अधिकारी रागावत नाही. न थांबवल्याबद्दल मात्र गार्ड कमांडरला जाब द्यावा लागतो.

अग्निवीरांविषयी येथेच सांगणे योग्य होईल. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेनुसार अग्निवीर हा सेनेतील स्वतंत्र हुद्दा आहे, त्याचे वेगळे चिन्ह गणवेशावर असते आणि चार वर्षांच्या सेवेसाठी त्याची नोंदणी सेना अधिनियमाखालीच होते. त्यामुळे या लेखातील शिस्तीचे आणि अदबीचे नियम त्यालाही लागू पडतात. नियमित शिपायाला ज्येष्ठ मानून वागावे; मात्र आपण चारच वर्षांसाठी आलो आहोत या विचाराने स्वतःला अर्धा सैनिक समजू नये, कारण पहाऱ्यावर उभ्या असलेल्या अग्निवीराचा अधिकार कोणत्याही संतरीइतकाच पूर्ण असतो.

तिसरी पायरी: आपल्या सर्वांत जवळचा अधिकारी कोण ते ओळखा

नव्या जवानाचे लक्ष साहजिकच मोठ्या हुद्द्यांकडे असते. पलटणीचे प्रमुख, म्हणजे कमांडिंग ऑफिसर साहेब दिसले की त्याची छाती धडधडते, पण ज्या माणसावर त्याचे रोजचे जगणे आणि युद्धात त्याचा जीव अवलंबून असतो, तो माणूस त्याचा सेक्शन कमांडर असतो. तो नाईक किंवा हवालदार असतो. तीन सेक्शनांची एक प्लाटून, जिचे नेतृत्व बहुतेक वेळा जेसीओ साहेब करतात; तीन प्लाटूनांची एक कंपनी, जिच्यावर बहुधा मेजर हुद्द्याचे अधिकारी असतात; आणि अशा चार रायफल कंपन्या व इतर घटक मिळून पलटण होते. आपले म्हणणे वर जायचे ते याच जिन्याने जायचे: सेक्शन कमांडर, प्लाटून हवालदार, प्लाटूनचे जेसीओ साहेब, कंपनीचे सीनियर जेसीओ साहेब आणि मग कंपनी कमांडर. सुट्टीचा अर्ज असो, घरची अडचण असो वा आजारपण असो, पहिला शब्द सेक्शन कमांडरच्या कानावर पडला पाहिजे. गावाकडच्या ओळखीने थेट सुभेदार साहेबांकडे गेलात आणि तुमचे काम झाले, तरी आपल्या माणसाची अडचण आपल्याला सर्वांत शेवटी कळली ही गोष्ट सेक्शन कमांडर विसरत नाही, आणि त्याने ती विसरावी अशी अपेक्षाही करू नये.

नाईक या हुद्द्याचे वजन किती असते याची साक्ष रायगड जिल्ह्यातील माणगावात यशवंत घाडगे यांचा पुतळा देतो. १० जुलै १९४४ रोजी इटलीतील अप्पर टायबर खोऱ्यात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीतील नाईक घाडगे यांचे सेक्शन जवळून होणाऱ्या मशिनगनच्या माऱ्यात सापडले आणि त्यांच्याशिवाय सेक्शनमधील प्रत्येक जण ठार किंवा जखमी झाला. ज्यांना हुकूम द्यायचा असे कोणीही उरले नसताना ते एकटे त्या मशिनगनवर चालून गेले, त्यांनी हातबॉम्बने ती निकामी केली, मॅगझिन बदलायला वेळ नसल्यामुळे बंदूक नळीकडून धरून तिच्या दस्त्याने उरलेल्या दोघांशी झुंज दिली आणि ते ठाणे घेतल्यानंतर शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांनी त्यांना मृत्यू आला. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते. आपल्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठा असलेला नाईक सकाळी बुटांच्या पॉलिशवरून बोलतो, तेव्हा त्याच्या दोन फितींमागे ही जबाबदारी असते हे मनात असू द्यावे.

चौथी पायरी: संबोधन आणि भाषा सांभाळा

जेसीओंना ‘साहब’ जोडूनच हाक मारली जाते, आणि हा मान त्यांना खालचे देतात तसे वरचेही देतात. नुकताच अकादमीतून आलेला लेफ्टनंट वीस-पंचवीस वर्षे सेवा झालेल्या सुभेदारांना ‘सुभेदार साहब’ म्हणूनच बोलावतो, आणि ते सुभेदार साहेब त्या तरुण लेफ्टनंटला सॅल्यूट करतात. दोघांपैकी कोणालाही त्यात कमीपणा वाटत नाही. नव्या मुलाने पलटणीत आल्यावर हे दृश्य एकदा नीट पाहून घ्यावे. सुभेदार मेजरांना ‘एसएम साहब’ म्हणतात. ते जवानांच्या बाबतीत कमांडिंग ऑफिसरांचे सर्वांत जवळचे सल्लागार असतात. प्रशिक्षण केंद्रात शिकवणाऱ्या प्रत्येक एनसीओला ‘उस्ताद’ म्हणावे. अधिकाऱ्यांशी बोलताना ‘श्रीमान’ किंवा ‘सर’ हे शब्द वापरले जातात, आणि ‘जय हिंद’ हे अभिवादन सर्वत्र चालते. ‘राम राम साहब’ हेही अनेक पलटणींत रोजचे आहे.

मराठी मुलांची एक खास अडचण असते आणि ती वेळीच सांगितलेली बरी. आपल्याकडे आईला, मोठ्या भावाला, जवळच्या माणसाला आपण ‘तू’ म्हणतो आणि त्यात माया असते; त्याच सवयीने आपली हिंदी ‘तुम’ आणि ‘तेरे को’ यांवर चालते. ज्या प्रदेशात हिंदी ही मायबोली आहे तेथून आलेल्या हवालदाराला ‘तुम किधर जा रहे’ हे उद्धटपणाचे वाटते, आणि बोलणाऱ्याला आपले काय चुकले हेच कळत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून शिपायाशी बोलतानासुद्धा ‘आप’ म्हणण्याची सवय लावावी. क्रियापदही ‘आइए’, ‘बताइए’ असेच यावे. सहा महिन्यांत जीभ वळते आणि मग वरिष्ठांशी बोलताना वेगळा प्रयत्न करावा लागत नाही.

आपल्याच तालुक्यातील, कधी कधी आपल्याच भावकीतील माणूस लान्स नाईक किंवा नाईक म्हणून समोर येतो. ड्यूटीवर असताना त्याला हुद्द्यानेच संबोधावे, संध्याकाळी बराकीत एकत्र बसल्यावर दादा म्हणायला हरकत नाही. याउलट वयाने लहान असलेला लान्स नाईक वाट्याला आला, तर वय घरी ठेवून यावे. या दोन्ही प्रसंगांत जो अवघडलेपणा येतो तो स्वाभाविक आहे, आणि तो दूर करण्याची जबाबदारी कनिष्ठाची जास्त आहे असे मला वाटते, कारण वरिष्ठाला सगळ्या सेक्शनसमोर सर्वांशी सारखेच वागून दाखवायचे असते.

पाचवी पायरी: सॅल्यूट आणि सावधान

सॅल्यूट हा राष्ट्रपतींनी दिलेल्या कमिशनला असतो, त्यामुळे अधिकारी ओळखीचे आहेत की अनोळखी, आपल्या पलटणीचे आहेत की दुसऱ्या, स्थलसेनेचे आहेत की नौदलाचे वा हवाई दलाचे, याने फरक पडत नाही. तिन्ही दलांचा सॅल्यूट मात्र वेगवेगळा दिसतो: स्थलसेनेत पूर्ण तळवा समोरच्याला दिसतो, नौदलात तळवा जमिनीकडे वळलेला असतो आणि हवाई दलात २००६ पासून तो या दोहोंच्या मध्ये, तिरका धरला जातो. दुसऱ्या दलाच्या अधिकाऱ्यांनाही आपण आपल्याच पद्धतीने सॅल्यूट करायचा असतो.

डोक्यावर टोपी नसेल तर हाताने सॅल्यूट करू नये; सावधान होऊन अभिवादन करावे. दोन्ही हातांत सामान असेल तर शरीर ताठ करून मान त्या बाजूला वळवावी. हातात रायफल असेल तर केंद्रात शिकवलेल्या शस्त्रासह करायच्या पद्धतीनेच मान द्यावा. एनसीओंना सॅल्यूट करायचा नसतो, पण हवालदार बोलत असताना सावधान उभे राहणे आणि बसलेले असल्यास उठून उभे राहणे अपेक्षित असते. लष्करी अंत्ययात्रा जवळून जात असेल तर थांबून पार्थिवाला सॅल्यूट करावा, मृत जवानाचा हुद्दा कोणताही असो. आणि शत्रूच्या नजरेच्या टप्प्यात असताना सॅल्यूट टाळावा, कारण त्यातून अधिकारी कोण हे शत्रूला समजते.

सहावी पायरी: हुकूम नीट घ्या

हुकूम पूर्ण ऐकावा, तो आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवावा आणि मगच निघावे. काम संपल्यावर ज्याने सांगितले त्यालाच येऊन ते पूर्ण झाल्याचे सांगावे. वाटेत दुसऱ्या वरिष्ठाने वेगळे काम सांगितले तर गप्प राहून एक काम अर्धवट सोडू नये. पहिले काम कोणी दिले आहे ते अदबीने सांगावे, आणि तरीही त्याने आपलेच काम आधी करायला सांगितले तर तसे करून ही गोष्ट पहिल्या वरिष्ठाला शक्य तितक्या लवकर कळवावी. वर्ग संपताना उस्ताद ‘कोई शक?’ असे विचारतात. ती जागा प्रश्न विचारण्यासाठीच ठेवलेली आहे, तेव्हा संकोच न करता विचारावे. न समजता मान डोलावणारा जवान फायरिंग रेंजवर स्वतःला आणि शेजाऱ्याला धोक्यात घालतो.

सातवी पायरी: अधिकार कोठे संपतो तेही जाणून घ्या

या विषयावर बराकीत चुकीच्या गोष्टी फार सांगितल्या जातात, म्हणून येथे थोडे विस्ताराने लिहितो. सेना अधिनियमातील ‘वरिष्ठ अधिकारी’ या संज्ञेत जेसीओ आणि एनसीओ हेही येतात. त्यामुळे नाईकावर हात उचलणे, त्याला धमकावणे किंवा त्याच्याशी उद्धटपणे बोलणे हा कलम ४० खालचा आणि त्याचा कायदेशीर हुकूम मोडणे हा कलम ४१ खालचा गुन्हा ठरू शकतो. ‘दोन फितींचा तर माणूस, काय करणार’ असे म्हणणाऱ्या जुन्या शिपायाच्या नादी लागून अनेक चांगली मुले पहिल्याच वर्षी लाल शाईची नोंद, म्हणजे सेवेच्या कागदांवर शिक्षेची नोंद, घेऊन बसतात.

पण हुकूम देण्याचा अधिकार आणि शिक्षा देण्याचा अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एनसीओ तुमच्याविरुद्ध तक्रार नोंदवू शकतो, तुम्हाला पेशीसाठी, म्हणजे अधिकाऱ्यांसमोरील सुनावणीसाठी, उभे करू शकतो. शिक्षा मात्र कलम ८० प्रमाणे कमांडिंग ऑफिसर किंवा तसा अधिकार मिळालेले दुसरे अधिकारीच देऊ शकतात. त्या कलमात २८ दिवसांपर्यंतची कोठडी, २८ दिवसांपर्यंत लाइनीबाहेर जाण्यास मनाई, जादा ड्यूट्या, ताकीद आणि १४ दिवसांच्या पगारापर्यंत दंड अशा शिक्षा आहेत. पेशीच्या वेळी सेना नियम १९५४ च्या नियम २२ प्रमाणे आरोपीला साक्षीदारांना प्रश्न विचारण्याचा, आपले साक्षीदार बोलावण्याचा आणि आपली बाजू मांडण्याचा हक्क असतो. हा हक्क वापरणे म्हणजे उद्धटपणा नव्हे. शांत आवाजात, सावधान उभे राहून आपले म्हणणे सांगणाऱ्या जवानाचे अधिकारी नीट ऐकतात.

प्रशिक्षण मैदानावर चुकीबद्दल धावायला लावणे किंवा पुन्हा पुन्हा ड्रिल करून घेणे हा शिकवण्याचा भाग आहे आणि ते निमूट करावे. मारहाण मात्र शिकवण्याचा भाग नाही. आपल्या हाताखालच्या माणसावर बळाचा वापर करणाऱ्या किंवा त्याला छळणाऱ्या अधिकाऱ्याला, जेसीओला वा एनसीओला कलम ४७ प्रमाणे कोर्टमार्शलमध्ये सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ज्या कायद्याने नाईकाला तुमच्यावर अधिकार दिला, त्याच कायद्याने त्याच्या हाताला मर्यादाही घातली आहे. केवळ जुना असलेल्या शिपायाला तर हुकूम देण्याचा हा अधिकारही नाही. त्याला जेवणाच्या रांगेत पुढे जाऊ द्यावे, त्याच्याकडून सामान बांधायला आणि थंडीत पाय सांभाळायला शिकावे, पण स्वतःचे कपडे धुवायला लावणे हा त्याचा हक्क नाही, आणि ‘उस्ताद, माझी ड्यूटी आहे’ एवढे अदबीने सांगितलेले बहुतेक वेळा पुरते.

खरोखर अन्याय झाला असेल तर कलम २६ चा मार्ग आहे. कंपनीतील जवान आपली तक्रार कंपनीच्या अधिकाऱ्याकडे मांडू शकतो, आणि तक्रार त्याच अधिकाऱ्याविरुद्ध असेल तर त्याच्या लगतच्या वरिष्ठाकडे. तक्रार घेणाऱ्या अधिकाऱ्यावर तिची शक्य तितकी पूर्ण चौकशी करण्याचे बंधन असते. तक्रार स्वतःच्या नावाने, स्वतःवर झालेल्या अन्यायाबद्दल आणि तारखा व प्रसंग लिहून करावी. दहा जणांच्या सह्यांचा एकत्र अर्ज सेनेत वेगळ्या नजरेने पाहिला जातो, म्हणून प्रत्येकाने आपापला अर्ज द्यावा. मोबाइलवर व्हिडिओ करून तो पसरवणे हा मार्ग कोणी सुचवला तर त्याच्यापासून दूर राहावे. त्याने मूळ अन्याय बाजूला पडतो आणि शिस्तभंगाची चौकशी तक्रारदाराचीच सुरू होते. खोटी तक्रार जाणूनबुजून करणे हा कलम ५६ खालचा गुन्हा आहे. सर्वांना सांगण्यासारखी आणि कोणाच्या वैयक्तिक तक्रारीची नसलेली गोष्ट असेल, उदाहरणार्थ लंगरातील जेवण किंवा पाण्याची वेळ, तर ती सैनिक संमेलनात, म्हणजे सर्व जवानांच्या सभेत, उभे राहून मांडावी. ते त्यासाठीच भरवले जाते.

आठवी पायरी: पहिली फीत मिळाल्यावर

लान्स नाईकाची एक फीत ही सर्वांत अवघड फीत आहे, असे मी अनेकांकडून ऐकले आहे आणि मला ते पटते. काल ज्यांच्या शेजारी झोपत होता, त्यांनाच आज फॉलइन करायचे असते. ही फीत आणि त्यानंतरचे हुद्दे सुरुवातीला कार्यकारी, म्हणजे कायम न झालेल्या स्वरूपाचे असू शकतात, आणि कार्यकारी हुद्दा कमांडिंग ऑफिसर कलम २० प्रमाणे काढूनही घेऊ शकतात, हे मनात असावे. जुन्या मित्रांशी बराकीत पूर्वीसारखेच राहावे, मात्र हुकूम देताना चेष्टेचा सूर पूर्ण टाळावा. कोणाची चूक असेल तर त्याला बाजूला घेऊन सांगावी. त्याच्याहून नव्या मुलांसमोर सांगू नये. जे काम स्वतः केलेले नाही ते दुसऱ्याला पहिल्याच दिवशी सांगू नये. आणि रात्रीच्या गिनतीला आपल्या माणसांची संख्या दुसऱ्याच्या तोंडून ऐकून वर सांगू नये; प्रत्येक चारपाईजवळ जाऊन स्वतः मोजावी, कोणाचा ताप उतरला नाही, कोणाला घरून फोन आला आणि कोण जेवला नाही हे पाहून घ्यावे, आणि मगच प्लाटून हवालदाराला संख्या कळवावी.